तेलाचा डबा किती दिवस पुरावा?

(चाळीसगाव येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, आंतरपिके हा माझा विषय. स्वयंपाकघर हे माझे क्षेत्र नव्हे. तरीही आज कपाशी किंवा मका सोडून तेलातुपावर बोलायला उभा आहे, त्याचे कारण घरचेच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. घरी सोडताना डॉक्टरांनी 'तेलतूप कमी करा' असे सांगितले. आमच्या आईने ते बंदच केले. भाजी पाण्यावर शिजू लागली. शेंगदाण्याची चटणी गेली, दुधावरची साय गेली, भरितावरची फोडणीही गेली. वडील मुकाट्याने कोरडी भाकरी खात आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर दोन-दोन खाऱ्या खात. 'खारीत कुठे तेल आहे?' असे आईचे म्हणणे. तेल हाताला लागत नाही, ताटात दिसत नाही, म्हणजे ते नाही! एके दिवशी वडील मला म्हणाले, "लोकांच्या पिकाला तू किलोवर मात्रा सांगतोस. बापाला मात्र नुसतं कमी कर, कमी कर म्हणतोस. कमी म्हणजे किती, ते तरी सांग."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. युरिया कमी टाका असे सांगणाऱ्याला तुम्ही हेक्टरी किती, हे विचारताच ना? मग तेलालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटाचा नमुना तिच्यात आहे आणि त्यात तेलतूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. चहाच्या लहान चमच्यात सुमारे साडेचार-पाच ग्रॅम तेल मावते, म्हणजे हे साधारण सहा चमचे झाले. फोडणी, भाकरीवरचे तूप, तळण, लोणच्याचे तेल हे सगळे त्यातच आले. मात्र सर्वांची गरज एकसारखी नसते. २०११ च्या मार्गदर्शिकेत कामाप्रमाणे आकडे दिले होते आणि ते आपल्याला अधिक उपयोगी आहेत. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २५ ग्रॅम, मध्यम कष्टाला ३० आणि अंगमेहनतीच्या कामाला ४० ग्रॅम. स्त्रियांना याच क्रमाने २०, २५ आणि ३० ग्रॅम.

आता हे चमचे रोज कोण मोजणार? आमच्या आईने तर साफ नकार दिला. म्हणून मी डब्याचा हिशोब काढला. एक घर धरा. शेतात राबणारा नवरा ४० ग्रॅम, निंदणी-वेचणीला जाणारी बायको ३०, घरी बसणाऱ्या आजी २०, अकरा वर्षांचा मुलगा ३५ आणि पाच वर्षांची मुलगी २५. बेरीज झाली १५० ग्रॅम. म्हणजे पंधरा किलोचा डबा या घराला शंभर दिवस पुरला पाहिजे. डबा पंधरा लिटरचा असेल तर तेल साडेतेरा किलोच्या आसपास भरते, कारण एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते. तो नव्वद दिवस पुरावा. डब्यावर किलो लिहिले आहे की लिटर, हे घेताना वाचत जा.

आमच्या घरी तेव्हा चार मोठी माणसे होती आणि शेतात राबणारे कोणीच नव्हते. झटक्याआधी डबा किती दिवस पुरत होता हे आईला विचारले. ती म्हणाली, "दिवाळीला आणलेला संक्रांतीला संपतो." हिशोबाने तो पाच महिने चालायला हवा होता! इतके तेल जात कुठे होते? शेवभाजीत. एका रविवारी आईने चार माणसांची शेवभाजी केली तेव्हा वर आलेली तर्री मी डावाने काढून वाटीत घेतली. पाऊण वाटी भरली. शिवाय भाजीतली शेव तळलेलीच असते. शंभर ग्रॅम शेवेत तीस ग्रॅमहून जास्त तेल असते. हे मी सांगू लागलो तर शेजारच्या नानांनी लगेच ऐकवले, "तर्री नही ते भाजी कसानी!" मीही खान्देशातलाच आहे, शेवभाजी सोडा असे सांगायला आलेलो नाही. मसाला भाजताना तेल मोजून घाला, आणि आठवड्यात तीनदा होणारी भाजी एकदा करा. तर्रीचा रंग काळ्या मसाल्याने आणि मिरचीने येतो. तेल नुसते तो रंग वर आणून दाखवते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. या सभेत असेही लोक बसले आहेत ज्यांना तेल जास्त होत नाही, कमी पडते. आपल्या तालुक्यातील तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पहाटे भाकरी-मिरची बांधून निघतात. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, तर पिठातून किंवा डाळीतून चारच. दिवसभर कोयता चालवणाऱ्या बाईला नुसत्या भाकरीवर ही भर काढता येत नाही. तिच्या पोटात मूल असेल किंवा अंगावर पिणारे असेल, तर अजिबातच नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागायलाही मेद लागतो. दोन वर्षांच्या आतील बाळाचे तेलतूप तर कोणीही तोडू नये. त्याच्या मेंदूची वाढ चाललेली असते. शहरातील बैठ्या माणसाला दिलेला सल्ला ऐकून सून आपल्या बाळाच्या मऊ भातावर तूप घालायची थांबली, असे मी पाहिले आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि तेव्हा चटणीचा वाडगा रिकामा झालेला असतो. भगिनींनो, ही मात्रा तुमच्याही नावाने लिहिलेली आहे.

आता प्रकाराकडे वळू. सर्व तेले वजनाला सारखीच उष्णता देतात, पण आतली मेदाम्ले वेगवेगळी असतात. तूप, लोणी, खोबरेल आणि पामतेल यांत संपृक्त मेदाम्ले जास्त. खोबरेलात सुमारे नव्वद टक्के, तुपात साठच्या वर, पामतेलात निम्म्याच्या आसपास. ही जास्त झाली की रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते. एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाटा त्यांचा नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २,००० कॅलरींना तो २२ ग्रॅम होतो आणि त्यात दुधातली सायही मोजायची. म्हणून खापरावरच्या पुरणपोळीवर तूप जरूर घ्या, पण त्या दिवशीच्या सहा चमच्यांतच ते बसवा.

भुईमूग आणि तीळ यांच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले जास्त असतात. करडई, सूर्यफूल, सरकी आणि सोयाबीन यांत ओमेगा-६ नावाचे मेदाम्ल भरपूर असते. करडईत तर सत्तर टक्क्यांच्या वर. एके काळी हृदयरोग्याला सरसकट करडईचेच तेल खायला सांगत. आज तज्ज्ञ एकाच तेलावर भर देत नाहीत. तेल आलटून पालटून किंवा मिसळून वापरावे असे सांगतात, कारण ओमेगा-६ बरोबर ओमेगा-३ ही लागते आणि ती आपल्या नेहमीच्या तेलांत जवळजवळ नाही. सोयाबीन व मोहरीत थोडी आहे, आणि जवसात सर्वांत जास्त. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग तोच असतो.

जवस म्हटले की जुन्या माणसांना चटणी आठवेल. रब्बीत हरभऱ्याबरोबर दोन ओळी जवस आणि शेताच्या कडेने काटेरी करडई ही पद्धत आपल्याकडे होती. करडईच्या काट्यांनी मोकाट गुरे आत येत नसत. सलग कपाशी आली आणि हे दोन्ही गेले. दहा ग्रॅम जवसातून, म्हणजे दोन लहान चमचे चटणीतून, सुमारे दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळते आणि एका माणसाला दिवसभरासाठी ते पुरते. जवस भाजून कुटूनच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. चटणी आठवड्यापुरतीच करा, कारण ती लवकर खवट होते. जवसाचे तेल तळणाला कधीही वापरू नका.

खारीचा विषय राहिला. १९४५ साली आपल्या अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. तीच पुढची विप्रो. तिथे वनस्पती तूप तयार होत असे. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचे, म्हणजे ते टिकते आणि तुपासारखे दिसते. त्या काळी ही सोय सर्वांनाच प्रगती वाटली आणि देशभर असे कारखाने निघाले. तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स मेदाम्ले तयार होतात. ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलेही घटवतात, हे १९९० मध्ये नेदरलँडमधील संशोधकांनी दाखवून दिले, तोवर दोन पिढ्या डालड्यातले लाडू खाऊन झाल्या होत्या. भारतात जानेवारी २०२२ पासून तेलातुपातील ट्रान्स मेदाम्लांवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पण म्हणून खारी हलकी झाली असे नाही. ट्रान्स कमी करताना पामपासूनचा घट्ट मेद वापरला जातो आणि खारीचे पापुद्रे मेदाशिवाय सुटतच नाहीत. आमच्या वडिलांच्या चार खाऱ्यांत, आईने वाचवलेल्या फोडणीपेक्षा जास्त मेद होता.

आता माझ्या खऱ्या विषयावर, शेतावर येतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा. इकडे जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला जेएल-२४, म्हणजेच फुले प्रगती, हा भुईमुगाचा वाण आफ्रिकेतील मलावीपर्यंत पोचला. आपण मात्र शेंगा बाजार समितीत टाकून येताना दुकानातून पामतेलाच्या पिशव्या आणतो. पामतेल विष नव्हे. पण भुईमूग पिकवणाऱ्याने ते का खावे, हा माझा प्रश्न आहे.

वरच्या पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे ५५ किलो तेल लागते. शंभर किलो वाळल्या शेंगांतून सत्तर किलो दाणे निघतात आणि घाण्यावर त्यांचे सत्तावीस किलोच्या आसपास तेल उतरते. म्हणजे दोन क्विंटल शेंगांत वर्षाचे तेल निघाले. उन्हाळी भुईमूग हेक्टरी वीस क्विंटल धरला तर त्याला दहा गुंठे पुरतात. मी तर पाचच गुंठे सुचवीन. निम्मे तेल भुईमुगाचे ठेवा आणि निम्मे करडई, सोयाबीन किंवा मोहरीचे. गिरणेच्या पाटाचे पाणी ज्यांना मिळते त्यांना पाच गुंठे जड नाहीत. पेंड गुरांना मिळेल ती वेगळीच.

मात्र एक चूक आपण सगळेच करतो. चांगला माल बाजारात जातो आणि फुटका, काळपट, बुरशी आलेला दाणा घरच्या तेलाला ठेवला जातो. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. घाण्याच्या तेलात ते उतरते, कारण त्या तेलाचे शुद्धीकरण झालेले नसते. तेव्हा शेंग कानाशी हलवून पाहा. दाणे खुळखुळले की ती वाळली. ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आल्याशिवाय पोते शिवू नका आणि कडू लागलेला दाणा थुंकून टाका. सरकीचे म्हणाल तर ते तेल घरी घाण्यावर काढून खायचे नाही. त्यातील गॉसिपॉल शुद्धीकरणातच निघते.

तळणाचे उरलेले तेल एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. त्यातच नवे ओतून कढई वर्षभर जिवंत ठेवू नका.

शेंगदाण्याचे कूट तेलात मोजायचे का, असे मघाशी एका ताईंनी विचारले. २०२४ च्या मार्गदर्शिकेत दाणे व तेलबिया रोज ३५ ग्रॅम वेगळे धरले आहेत, म्हणजे एक चांगली मूठ. तेवढे तेलाच्या हिशोबाबाहेर ठेवा. त्याहून जास्त कूट घातले तर तेल कमी करा, कारण दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो.

वडील आता भरीत खातात, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. खारी बंद आहे. आईने डब्यावर खडूने तारीख लिहिली आहे. मागचा डबा चार महिने आणि अकरा दिवस चालला. अजून पाच महिन्यांवर आलेला नाही, ती मला दिवाळीचा महिना धरू नको म्हणते. तुम्हीही आज घरी गेल्यावर तारीख लिहा, खाणारी माणसे मोजा आणि डबा संपेल तो दिवस टिपून ठेवा. पुढच्या मेळाव्याला येताना तो आकडा बरोबर आणा.