किल्ली कोणाच्या हातीं?

तुरुंगाची इमारत हा विषय कोणाच्या विशेष जिव्हाळ्याचा असेल असें मला वाटत नाहीं. तिच्या भिंतीजवळून जातांना आपलें पाऊल जरा लगबगीनेंच पडतें. तथापि अमेरिकेंतील कांहीं जुन्या तुरुंगांची हकीकत ऐकल्यावर ही उदासीनता टिकूं नये.

अमेरिकेंत काउंटी म्हणजे साधारणपणें आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. बहुतेक काउंट्यांना स्वतःचा तुरुंग असतो, आणि त्याची व्यवस्था बहुधा लोकांनीं निवडून दिलेला शेरीफ पाहतो. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या मोठ्या बंदिशाळांत जातात. काउंटीच्या तुरुंगांत असतात ते मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे, जामिनाची रक्कम न भरतां आलेले, किंवा अल्प मुदतीची शिक्षा भोगणारे. त्यांतील निम्म्याहून अधिकांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नसतो. एवढें ध्यानांत ठेवून पुढील हकीकत ऐकावी.

उत्तर कॅरोलायना राज्यांतील मिचेल काउंटीचें बेकर्सव्हिल हें डोंगराळ मुलखांतील लहानसें गांव. ३ मे २००२ च्या रात्रीं तेथील काउंटी तुरुंगास आग लागली. सामानाच्या खोलींत पुठ्ठ्याचीं खोकीं भिंतीवरील हीटरजवळ रचून ठेवलेलीं होतीं. तेथें ती पेटली. आठ बंदिवान प्राणांस मुकले. आग लागतांच आपोआप पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रणा त्या इमारतींत नव्हती. इमारत जुनी, आणि कडक नियम नव्या इमारतींपुरते! म्हणजे जेथें धोका अधिक, तेथेंच कायद्याची सवलत.

अशा प्रसंगीं ज्वालेपेक्षां धूर अधिक घातक ठरतो. घराला आग लागली तर मनुष्य दार उघडून बाहेर धांवतो. कोठडींतल्या मनुष्याला तें शक्य नसतें. दुसरा कोणी येऊन कुलूप काढील तेव्हांच त्याची सुटका. जुन्या इमारतींत प्रत्येक दाराला वेगळी किल्ली फिरवावी लागते, आणि धुरांत किल्लीचें भोंक शोधण्यांत क्षण जातात. ओहायो राज्याच्या कोलंबस येथील बंदिशाळेंत २१ एप्रिल १९३० रोजीं याच विलंबाचा दारुण अनुभव आला. सुमारें दीड हजार माणसांसाठीं असलेल्या त्या जागेंत चार हजारांहून अधिक कैदी कोंबलेले होते. ३२२ जण मेले, त्यांतले कित्येक कुलूपबंद कोठड्यांतच.

आग ही क्वचित् घडणारी गोष्ट. पण जुन्या रचनेचा धोका रोजचा आहे. लांबच लांब बोळ आणि त्याच्या कडेला ओळीनें कोठड्या, असा तो जुना घाट. पहारेकरी ज्या कोठडीसमोर उभा, तेवढीच त्याला दिसते. तो पुढें गेला कीं मागची दृष्टीआड. मारहाण होते ती याच अवधींत. कोणी निराश जीव आपलाच घात करतो तोहि याच अवधींत. आणि अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांतील मृत्यूंत आत्महत्या हें एक प्रमुख कारण आहे. या अंधाऱ्या बोळांत पहारेकऱ्याचाहि जीव सुरक्षित नसतो, हेंहि विसरूं नये.

उपाय अज्ञात आहेत असें नाहीं. कॅलिफोर्नियांतील कॉन्ट्रा कोस्टा काउंटीनें १९८१ सालीं मार्टिनेझ येथें नव्या धर्तीचा तुरुंग उघडला. तेथें मधोमध दिवाणखान्यासारखी मोठी जागा, भोंवतीं खोल्या, आणि पहारेकरी गजांपलीकडे न राहतां बंदिवानांमध्येंच वावरणारा. नजर अखंड राहिली म्हणजे तंटे सुरू होण्यापूर्वींच मिटवितां येतात. धूर ओळखणारें यंत्र, पाण्याचा फवारा, एका ठिकाणाहून सर्व दारें उघडण्याची सोय आणि वीज गेल्यास हातानें उघडण्याची तजवीज, हींहि आतां परिचयाचीं साधनें आहेत.

अडतें तें पैशापाशीं. नव्या इमारतीसाठीं कर्ज काढावयाचें तर अनेक ठिकाणीं मतदारांची संमति लागते. शाळेसाठीं हात वर होतो. तुरुंगासाठीं तो जड होतो. प्रशस्त इमारत बांधली कीं तीहि भरून टाकण्याचा मोह होतो, हा आक्षेपहि खोटा नाहीं. म्हणून बांधकामाइतकाच, विनाकारण कोणाला आंत ठेवूं नये हा विवेकहि महत्त्वाचा.

परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. शासन मनुष्याला कोंडतें, तेव्हां स्वतःचा जीव वांचविण्याची त्याची शक्ति तें काढून घेतें. ज्यानें ती काढून घेतली, त्यानेंच त्याचें रक्षण केलें पाहिजे. बेकर्सव्हिलच्या त्या आठांना कोणत्याहि न्यायासनानें देहदंड दिलेला नव्हता. जो दंड न्यायाधीशानें सांगितला नाहीं, तो जुन्या भिंतींनीं द्यावा, हें कोणत्याहि सुसंस्कृत समाजास शोभणारें नाहीं.