पतीची नादारी आणि पत्नीची भरपाई

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पतीचे दिवाळे निघाले म्हणजे पत्नीचेही निघाले, अशी आपल्या समाजाची सरसकट समजूत आहे. सावकाराला ती सोयीची आहे, आणि बँकेच्या वसुली अधिकाऱ्यालाही ती मोडावीशी वाटत नाही. कायदा मात्र तसे म्हणत नाही. मृत ऋणकोच्या वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच असते, हे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कलम 50 व 52 मध्ये सांगून ठेवले आहे. कलम 60 तर घरातली आवश्यक भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे अलंकार जप्तीतून वगळते. मंगळसूत्राकडे वळलेला हात तेथे थांबतो. निदान थांबावयास हवा.

पोटगीचेही तसेच. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार नादाराला मुक्ततेचा आदेश मिळाला तरी न्यायालयाने ठरविलेल्या पोटगीतून त्याची सुटका होत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनेही हे देणे वगळलेल्या देण्यांतच ठेवले आहे. हक्क शाबूत राहतो. वसूल कशातून करायचा, हा प्रश्न तेवढा उरतो.

भरपाईच्या बाबतीत कायद्याने वर्गावर्गांत केलेला भेद मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यातील कलम 6 प्रमाणे पतीने पत्नीच्या लाभासाठी म्हणून विमा उतरविला, तर ती रक्कम तिची विश्वस्त ठेव होते. धनकोंना फसविण्याचा हेतू सिद्ध झाल्याखेरीज त्यांचा तिच्यावर हक्क चालत नाही. 1923 च्या दुरुस्तीने ही तरतूद हिंदू-मुसलमान कुटुंबांसाठीही खुली झाली. त्याच वर्षीच्या कामगार भरपाई कायद्याने अपघाताच्या भरपाईवर जप्ती आणण्यास मनाई केली. व्यापाऱ्याची पत्नी विम्याच्या भिंतीआड सुरक्षित, कामगाराची विधवा कायद्याच्या आधाराने उभी.

शेतकऱ्याच्या विधवेचे काय? महाराष्ट्र शासनाने 2005-06 मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबासाठी 1 लाख रुपयांच्या मदतीचे निकष ठरविले. 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. येथे पतीचे कर्जबाजारीपण हा दाव्यातील अडथळा नाही, ती दाव्याची पूर्वअट आहे! कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. ज्याला जिवंतपणी कोणत्याही न्यायालयाने नादार ठरविले नाही, त्याची नादारी मरणोत्तर सिद्ध करण्याचे काम त्याच्या विधवेवर येते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती 'पात्र' की 'अपात्र' एवढा एक शब्द उच्चारते. बेकायदा सावकार चिठ्ठी देत नाही. कृषी सेवा केंद्राची उधारी दुकानदाराच्या वहीत असते. जो सर्वांत नाडला गेला, त्याच्याच कर्जाचा कागद नसतो. ज्या अर्थशास्त्राला कागदाबाहेरचे कर्ज दिसत नाही, त्याने विदर्भाच्या शेतीविषयी न बोललेले बरे.

आता एक धोका, ज्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचेही दुर्लक्ष होते. शासनाने विधवेला दिलेली मदत ही पतीची मालमत्ता कधीच नव्हती. तेव्हा ती त्याच्या थकलेल्या खात्यात वळती करण्याचा आग्रह कोणी धरल्यास त्याला ठाम हरकत घेतली पाहिजे. परंतु पतीच्या कर्जाला पत्नीच जामीन असेल तर हा युक्तिवाद लंगडा पडतो. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. 1920 चा कायदा नादाराला मुक्त करतो, त्याच्या जामिनाला नव्हे. म्हणजे नादार पती सुटतो आणि न घेतलेल्या कर्जासाठी पत्नी अडकते. तिने अंगठा उठविला तेव्हा कागद वाचून दाखविला होता काय, हे कोणी विचारीत नाही.

खासगी उसनवारीला गावातील साक्षीपुराव्यावर मान्यता मिळावी, अपात्रतेचे कारण लेखी द्यावे, या मागण्या तालुका पातळीवर रेटता येतील. मात्र विधवेचा अर्ज भरण्यापूर्वी कर्जाचे मूळ कागद मागवून घ्या, आणि प्रथम जामीनपत्राचे पान उघडा.