रब्बीच्या रहस्यकथा
(मंडळाच्या दुपारच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



ह्या वर्गात आजवर संतचरित्रे झाली, प्रवासवर्णने झाली. मी मात्र खुनाच्या गोष्टी घेऊन उभी आहे. यंदा आपल्या पुस्तकपेटीसाठी नवी पुस्तके घ्यायची आहेत, आणि 'डिटेक्टिव्ह नकोत, त्यांनी मन बिघडते' असे चिटणीसबाईंनी मागच्या सभेत सांगितले. त्यांचा मान राखून मला थोडे निराळे सांगायचे आहे. बाबुराव अर्नाळकर आपल्यापैकी कितीजणींनी उशीखाली ठेवून वाचले, हे मी विचारीत नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही पुस्तके इंग्रजी. तेव्हा दुपारी लेक वाचून मराठीत सांगे आणि मी तांदूळ निवडीत ऐके.

लेखकाचे नाव हॅरी केमेलमन. जन्म १९०८ सालचा, बोस्टनचा, पेशा मास्तरकीचा. अमेरिकेतील एका लहान गावात ज्यू लोक नवे मंदिर उभारतात, त्यांची कमिटी, त्यांची भांडणे, अशी साधीच कादंबरी त्यांनी आधी लिहिली होती. ती कोणी छापीना. मग त्यात खून घालण्याची कल्पना निघाली आणि १९६४ साली 'फ्रायडे द रॅबाय स्लेप्ट लेट' हे पुस्तक आले. पहिल्या कादंबरीसाठीचे एडगर बक्षीस त्याला मिळाले. पुढे शनिवार, रविवार, सोमवार असे वारांनी पुस्तके निघत गेली. सात वार संपले तरी ते थांबले नाहीत. शेवटचे पुस्तक १९९६ साली निघाले आणि त्याच वर्षी ते वारले.

रब्बी म्हणजे आपले शेतातले रब्बी पीक नव्हे. ज्यू लोकांचा धर्मगुरू तो. पण भटजी म्हणावे तर तसाही नव्हे. केमेलमन पुन्हा पुन्हा सांगतात की रब्बी हा मुळात शिक्षक आणि न्याय सांगणारा. त्यांचा रब्बी डेव्हिड स्मॉल तरुण, किरकोळ अंगाचा, कपडे चुरगळलेले. बायको मिरियम बिचारी त्याचा कोट सारखा करून करून थकते. (हे वाचताना मला घरचीच आठवण झाली.) कमिटीतल्या बड्या लोकांना तो शोभत नाही, त्याचा करार पुढे चालवावा की नाही यावर कुजबूज चाललेली असते.

पुस्तकाच्या सुरुवातीला देवळात नऊ पुरुष ताटकळत बसले आहेत. सामुदायिक प्रार्थनेला दहा लागतात आणि दहावा काही येत नाही. बायका कितीही असोत, मोजणीत नाहीत! (स्मॉलच्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाने बायकांना मोजण्याची मुभा दिली ती १९७३ साली.) मग दोघा मित्रांचा तंटा येतो. एकाची मोटार दुसऱ्याने चालवीत आणली, वाटेत तेल गळून इंजिन जळाले. भरपाई कोणी द्यावी? कोर्टात न जाता रब्बी दोघांना समोर बसवतो, जुन्या ग्रंथातले दाखले काढतो आणि एकेक धागा सोडवतो. हा भाग मला खुनापेक्षा आवडला. कारण पुढे खुनाचा छडाही तो ह्याच रीतीने लावतो. पिस्तूल नाही, वेषांतर नाही. नुसते प्रश्न विचारणे.

खून होतो तो मुले सांभाळणाऱ्या एका नोकर मुलीचा. प्रेत देवळाच्या आवारात आणि तिची पर्स रब्बीच्याच मोटारीत! म्हणजे संशय थेट त्याच्यावर. पोलिसप्रमुख लॅनिगन हा कॅथॉलिक. तो रब्बीच्या घरी येऊन बसतो, दोघे एकमेकांच्या धर्माविषयी मोकळेपणी बोलतात, तरी संशयितांच्या यादीतले रब्बीचे नाव तो खोडीत नाही. गावाचे मात्र आधीच ठरून जाते.

मागे आमच्या वाडीत एका बाईंची पाटली हरवली. तासाभरात सगळ्यांनी भांडीवालीचे नाव घेतले. तिला कोणी पाहिले, केव्हा पाहिले, हे एकीनेही विचारले नाही. चौथ्या दिवशी पाटली तुरीच्या डाळीच्या डब्यात निघाली. तोवर त्या बाईची तीन घरे सुटली होती, आणि ती तिला परत मिळाली नाहीत. मन बिघडवायला तिथे कुठले डिटेक्टिव्ह पुस्तक आले होते?

दुसऱ्या, शनिवारच्या पुस्तकात योम किप्पूर, म्हणजे त्यांचा मोठा कडक उपवास. त्या रात्री एक दारूडा गृहस्थ आपल्या गॅरेजात मोटारीच्या धुराने मेलेला सापडतो. आत्महत्या असेल तर आमच्या दफनभूमीत नको, असा गलका होतो. रब्बी म्हणतो, आधी सिद्ध करा. विधवेच्या बाजूने उभा राहण्यापायी तो नोकरीवर पाणी सोडायला निघतो. पुढचे सांगत नाही.

हे लोक आपल्याला अगदीच परके नव्हेत. अलिबागेकडचे बेने इस्रायल घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली झाले. १९४८ नंतर पुष्कळजण इस्रायलला गेले. आपल्या शेजारच्या वाराच्या नावाने ओळखले जाणारे हे लोक, म्हणून पुस्तकांची वारांची नावे ऐकून मला गंमत वाटली.

फे केलरमन ह्या बाईंचेही एक पुस्तक लेकीने सांगितले, 'द रिच्युअल बाथ', १९८६ सालचे. मासिक पाळीनंतर बायकांनी स्नान करायचे जे कुंड, त्याला मिकवे म्हणतात. ते सांभाळणारी रीना लझारस ही दोन मुलांची विधवा आई. कुंडाबाहेर एका बाईवर अत्याचार होतो आणि चौकशी आली की सगळ्यांची तोंडे मिटतात. ज्या गोष्टी आपण परसदारी हळू आवाजात बोलतो, त्या तिथे पोलिसांपुढे सांगाव्या लागतात. हे पुस्तक वयात आलेल्या मुलींनी आयांबरोबर वाचावे, एकटीने नको, असे माझे मत.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती इतकीच की पुस्तकपेटीच्या पैशांतून शुक्रवार आणि शनिवार ही दोन तरी घ्यावीत. इंग्रजीची अडचण कोणाला असेल तर दर गुरुवारी तीन वाजता माझ्या घरी यावे. लेक सांगायला तयार आहे. निवडायचे धान्य बरोबर आणलेत तरी चालेल. खुनी कोण, हे मात्र चिटणीसबाई, तुम्ही आलात तरच सांगेन.