हक्क ही मेहेरबानी नव्हे
(करकंब येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

सरकार हक्क ‘देते’, असे आपण सहज बोलून जातो. या एका क्रियापदातच सारी गफलत आहे. जे दिले जाते ते काढूनही घेता येते. म्हणून आधी विचारावयाचे ते हे की, सरकारला सत्ता कोणी दिली?

उत्तरासाठी रूसोपर्यंत जाण्याचे कारण नाही. सोलापूरपर्यंत गेले तरी पुरे. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. सोलापूर पेटले. 8 मे रोजी गोळीबार झाला आणि पुढे सुमारे तीन दिवस शहरातून इंग्रजी अंमल उठला. साम्राज्याच्या बंदुका शाबूत होत्या, कायद्याची पुस्तकेही शाबूत होती. नाहीशी झाली होती ती लोकांची मान्यता. शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली. सरकारने उत्तर दिले ते लष्करी कायद्याने. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. धाक परत आला; मान्यता परत आली नाही. सत्ता आणि अधिकार यांतील भेद तो हाच.

स्वराज्यात तरी प्रश्न मिटला काय? ‘आम्ही भारताचे लोक’ हेच सत्तेचे मूळ, असे संविधानाने मानले. तरीही आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जीविताचा हक्क संविधानाने निर्माण केलेला नाही, तो त्याआधीचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. 1978 च्या घटनादुरुस्तीने हा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. न्यायालयाने मात्र तो निर्णय 2017 साली रद्द केला. न्यायालयाला 41 वर्षे लागली. मतदारांना, 1977 साली, अकरा महिने पुरले होते!

पण मतपेटी पाच वर्षांनी येते. मधल्या काळाचे काय? 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी काम मागितले, भीक नव्हे. म्हणूनच 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला.

तेव्हा मित्रहो, करकंबचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे, हे घरोघर सांगा. तेथे हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. मालकाने कारभाऱ्याला विचारावा तसा तो साधा प्रश्न आहे. आणि अर्ज लिहून देताना ‘मेहेरबान साहेबांच्या कृपेने’ हे शब्द आपल्या हाताने खोडा. आपल्या कामाचा आरंभ तेथून होतो.