एकाच झाडाला दोन तऱ्हेची फुलं का येतात?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील वृक्षारोपण कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय मात्र बी विंगसमोरच्या जास्वंदीने निवडला. डबल फुलांची म्हणून आणलेली ही जास्वंद यंदा मध्येच पाच पाकळ्यांची साधी फुलं देऊ लागली. रोपवाटिकेने फसवलं, असं काहींचं म्हणणं. झाड बिघडलं, काढून टाका, असं इतरांचं. पुढच्या सभेत तसा ठरावही येणार आहे. त्याआधी झाडाची बाजू ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

साध्या जास्वंदीच्या मधोमध एक लांब दांडा असतो. त्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे पुंकेसर. डबल जास्वंदीच्या जादा पाकळ्या बाहेरून येत नाहीत. जिथे पुंकेसर व्हायचे, तिथेच पाकळ्या होतात. फूल उकलून पाहा, अर्धी पाकळी आणि अर्धा पुंकेसर असे तुकडेसुद्धा सापडतात.

फुलाचे सगळे भाग म्हणजे पानाचीच रूपांतरं, असं जर्मन कवी गटे याने 1790 साली मांडलं होतं. पुढे 1991 मध्ये कोएन आणि मेयेरोविट्झ या शास्त्रज्ञांनी त्यामागचं गणित सोडवलं. कळीच्या आत जनुकांचे तीन गट काम करतात. त्यांना ए, बी, सी अशी नावं आहेत. ए आणि बी एकत्र आले की पाकळी, बी आणि सी एकत्र आले की पुंकेसर. सी कमजोर पडला की त्याची जागा ए घेतो आणि पुंकेसराच्या जागी पाकळी उमलते. डबल फुलांचं मुख्य रहस्य हे.

आता हवामान. आपल्याकडे थंडीतला गुलाब भरगच्च असतो आणि मे महिन्यात त्याच झाडाचा गुलाब विरळ होतो, हे बाग करणारा कोणीही सांगेल. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं कारण दिसलं. गारव्यात गुलाबातलं सी गटाचं जनुक मंद होतं आणि पाकळ्यांची संख्या वाढते. आणखी एक लक्षात ठेवा. पाकळी व्हायचं की पुंकेसर, हे कळी टाचणीच्या डोक्याएवढी असतानाच ठरतं. त्यामुळे आज उमललेलं फूल आजची हवा दाखवत नाही, कित्येक आठवड्यांपूर्वीची दाखवतं.

मग मोठं कोण, जनुक की हवामान? माझा जन्म बँकेत गेला, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो. जनुकं म्हणजे मंजूर मर्यादा, हवामान म्हणजे उचल. डबल जास्वंदीला मोठी मर्यादा मंजूर आहे, पण प्रत्येक हंगामात ती पूर्ण उचलते असं नाही. याउलट गावठी पाच पाकळ्यांच्या जास्वंदीला कितीही थंडी पडली तरी ती गेंदेदार होणार नाही. फार तर एखादवेळी सहावी पाकळी येईल. तिच्या खात्यावर तेवढी मर्यादाच नाही.

तेव्हा वेगळं फूल दिसलं की तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, सगळ्या झाडाची फुलं एकाच हंगामात बदलली का? तसं असेल तर संशय हवेवर, पाण्यावर, खतावर. हंगाम बदलला की फुलं पूर्ववत होऊ शकतात.

दुसरी, एकाच फांदीची फुलं वेगळी आहेत का? मग त्या फांदीच्या पेशींतच बदल झालेला असू शकतो. अशा फांदीपासून नवीन जातीही मिळाल्या आहेत, तेव्हा ती छाटू नका, तिचं छाट कलम करा. पण कलमी गुलाबात आधी फांदी कुठून फुटली ते पाहा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आली असेल तर तो खुंटाचा फुटवा. तो काढलाच पाहिजे, नाहीतर वरचं कलम मरतं.

तिसरी, दर हंगामात आणि कलम केल्यावरही तेच रूप येतं का? तर ते रक्तातलं. याचं आपल्या अंगणातलं उदाहरण म्हणजे कोंबडा. पावसाळ्यात माळावर उगवणारं कुरडू आणि कुंडीतला तुऱ्याचा कोंबडा एकाच कुळीचे. कुरडूचं कणीस निमुळतं, कोंबड्यात तेच शेंड्याशी पसरट होऊन तुरा बनतं. दुसऱ्या झाडांत असा चपटा शेंडा किडीमुळे किंवा इजेमुळे एखाद्याच वर्षी दिसतो. कोंबड्यात मात्र तो बियांतून उतरतो. एका झाडात जो अपघात, तोच दुसऱ्यात वारसा.

आणि साधं फूल म्हणजे उणं फूल, हा समज सोडून द्यावा. डबल फुलात पुंकेसरच पाकळ्या झाले की पराग कमी, मधमाशीला खाऊ नाही, बी धरण्याची शक्यताही कमी. गणपतीला आपण लाल जास्वंद वाहतो ती बहुधा पाच पाकळ्यांचीच. बाप्पाने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

माझी सूचना अशी. ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. मुलांनी एक वही करावी. दर रविवारी त्या झाडाची किती फुलं साधी, किती डबल, कुठल्या फांदीवर, एवढं लिहावं, शेजारी आठवड्याचं कमाल-किमान तापमान. पुढच्या वर्षी वही सभेसमोर ठेवू. सगळे हंगाम साधीच फुलं आली, तर रोपवाटिकेकडे जायला आपल्या हातात पुरावा असेल. थंडीत डबल परत आली, तर झाड वाचलं. एका नोंदीवरून आम्ही कुणाचं खातं कधी बंद केलं नाही. झाडाचंही करू नये.

आज लावलेल्या रोपांनाही हाच न्याय लावावा, ही विनंती करून मी थांबतो.