नकाशा टिकला पाहिजे



लोणावळ्याच्या डोंगरमाथ्यावर कोसळणारा पाऊस मावळातून खाली वाहत जातो. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही भागांत नळयोजना, मोऱ्या, साकव आणि शाळाखोल्या यांची कामे होतात. पावसाळा सरला की दुरुस्त्याही निघतात. जमिनीखालची जलवाहिनी कोठून गेली, झडप कोठे बसविली, याचा खात्रीचा साक्षीदार म्हणजे नकाशा. पूर्वी तो ट्रेसिंग कापडावर काढला जाई. वाळवीपासून जपला म्हणजे पुरत असे. आता तो संगणकाच्या फाइलीत असतो आणि त्याला निराळीच वाळवी लागते.

‘ऑटोकॅड’ ही आरेखनाची आज्ञावली १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्या ‘डीडब्ल्यूजी’ फाइली सर्वत्र रूढ झाल्या. २०१६ मध्ये निर्मात्यांनी कायम परवान्यांची नवी विक्री थांबवून मुदतीच्या वर्गणीची पद्धत स्वीकारली. ‘ड्राफ्टसाइट’ची विनामूल्य आवृत्ती अनेक लहान आरेखकांचा आधार होती, तीही २०१९ च्या अखेरीस बंद झाली. ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पाठबळ संपले म्हणजे आज्ञावली त्याच दिवशी बंद पडतेच असे नाही. परंतु दोष दुरुस्त होत नाहीत, नव्या संगणकावर ती चालेलच याची शाश्वती राहत नाही आणि इतरांकडून आलेल्या नव्या फाइली उघडेनाशा होतात.

अशा वेळी चोरीची प्रत वापरण्याचा मोह होतो. कॉपीराइट कायद्यानुसार तो गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर विषाणू शिरला तर सारे दप्तरच धोक्यात येते.

उघड मार्ग तीन आहेत. नियमित गुंतागुंतीचे काम असेल तर वर्गणी परवडू शकते. मध्यम कामासाठी एकरकमी किमतीच्या, ‘डीडब्ल्यूजी’ फाइली हाताळणाऱ्या पर्यायी आज्ञावल्या मिळतात. साध्या द्विमिती नकाशांसाठी ‘लिब्रेकॅड’ विनामूल्य आहे. ‘क्यूकॅड’च्या खुल्या आवृत्तीतूनच स्वयंसेवकांनी ते घडविले. खुल्या आज्ञावलीचा खरा लाभ हाच, की मूळ निर्माता थांबला तरी दुसऱ्यांना काम पुढे नेता येते. मात्र ‘लिब्रेकॅड’ची मूळ भाषा ‘डीएक्सएफ’ आहे. ‘डीडब्ल्यूजी’ फाइल त्यात नीट उघडेलच असे नाही. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये खुल्या आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे.

निवड किमतीच्या तक्त्यावरून करू नये. कार्यालयातील दहा जुने नकाशे घ्यावेत: एक नळयोजनेचा, एक शाळाखोलीचा, एक रस्त्याचा. ते नव्या आज्ञावलीत उघडून मापे, थर आणि देवनागरी अक्षरे शाबूत आहेत का, हे आरेखकानेच तपासावे. एक छापून मूळ प्रतीवर ठेवून पाहावा. मंजुरी देणारे कार्यालय कोणती फाइल स्वीकारते, हेही आधी विचारावे. प्रशिक्षणाचे दिवस खर्चात धरावेत.

जुनी आज्ञावली चालू आहे तोवरच प्रत्येक नकाशाची ‘डीएक्सएफ’ व ‘पीडीएफ’ प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी आणि एक स्वाक्षरीची कागदी प्रत दप्तरात लावावी.

आज्ञावल्या येतील आणि जातील. वीस वर्षांनी एखाद्या वाडीत वाहिनी फुटेल, तेव्हा ती झडप कोठे आहे हे सांगणारा नकाशा मात्र उघडला पाहिजे. जी आज्ञावली याची हमी देईल, तीच खऱ्या अर्थाने स्वस्त होय.