फौजदारी न्यायाची विद्या आणि आपली मुले
(विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न निघतो : मुलाने पुढे काय शिकावे? कोणी अभियांत्रिकी सुचवितो, कोणी बँकेची परीक्षा. आज मी एका अशा विद्येची बाजू मांडण्यास उभी आहे, की जिच्याकडे आपण आजवर केवळ भीतीने पाहत आलो. ती विद्या म्हणजे फौजदारी न्यायाची. पोलीस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग या तीन ठिकाणांशी आपला संबंध पिढ्यान्पिढ्या आलेला आहे. परंतु तो फिर्यादी म्हणून, आरोपी म्हणून अथवा कैदी म्हणून. जाणकार म्हणून आपण तेथे फार थोड्या वेळा गेलो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगते. 1993 साली मी बारा वर्षांची होते. गावच्या चावडीसमोर, दहा माणसांदेखत, माझ्या वडिलांना जातीवरून शिवीगाळ झाली आणि काठीने मारहाण झाली. कपाळाला टाके पडले. डोक्याला पट्टी बांधून ते पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदाराने त्यांचे बोलणे ऐकून घेतले, काहीतरी लिहिले, अंगठा घेतला आणि म्हटले, “एन. सी. घेतली आहे, आता घरी जा.” वडील समाधानाने परतले. आपली फिर्याद सरकारदरबारी नोंदली गेली, असे त्यांना वाटले. त्यांनी मरेपर्यंत तपासाची वाट पाहिली.

पुढे मी विधी महाविद्यालयात गेले आणि एन. सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हे मला कळले. अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करताच येत नाही. म्हणजे ज्या तपासाची वडील वाट पाहत होते, तो सुरू होणारच नव्हता. वस्तुतः सार्वजनिक ठिकाणी जातीवरून केलेला अपमान हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली दखलपात्र गुन्हा होता. आम्ही बौद्ध, तरीही तो कायदा आम्हांस लागू होता, कारण 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झालेला होता. हे सारे छापील कायद्यात होते. आमच्या घरात ते वाचणारे कोणी नव्हते, एवढेच.

बंधु-भगिनींनो, ‘गुन्हेगार कोण’ हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुसऱ्याची अब्रू असते. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. ज्या मुलाने अजून चालण्यास आरंभ केला नाही, तोही संशयित! तो कायदा 1952 साली रद्द झाला; पण त्याने लावलेला डाग पारधी वस्तीवरून अद्याप पुसलेला नाही. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने हीन वा श्रेष्ठ ठरतो, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्वही हेच असावयास हवे : शिक्षा कृत्याला, जन्माला नव्हे. ते तत्त्व ठाण्यात आणि न्यायालयात पाळले जाते की नाही, हे पाहणारी माणसे कोठून येणार? ती शिक्षणातूनच येणार.

केवळ संतापाने न्याय मिळत नाही, याचा कटू अनुभव आपणास आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. 2008 साली आठ आरोपी दोषी ठरले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकले नाहीत, आणि 2010 साली उच्च न्यायालयातही ते टिकले नाहीत. त्या वेळी कायद्याचे शब्द असे होते की, गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला हे सिद्ध झाले पाहिजे. पुढे 2015 च्या दुरुस्तीने ही अट बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे, हे आरोपीस ठाऊक असणे आता पुरेसे आहे. एका वाक्यांशाचा हा फरक! तो ज्याला कळतो, तोच पंचनाम्यात काय लिहिले गेले, साक्षीदाराच्या जबाबात कोणता शब्द गाळला गेला, हे वेळीच विचारू शकतो.

विद्येने कायदा बदलतो, याचेही उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. 1972 साली विदर्भातील एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उठली आणि 1983 साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्या चौघांजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, अभ्यास होता.

आता हा अभ्यास करावा कोठे? अमेरिकेत या विषयाला वाहिलेले जॉन जे महाविद्यालय 1964 सालीच न्यूयॉर्क येथे निघाले. आपल्याकडे पदवीला हा विषय त्या नावाने क्वचितच भेटतो. तो विधी अभ्यासक्रमात, गुन्हेशास्त्रात, समाजकार्यात आणि न्यायसहायक विज्ञानात विभागलेला आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. विज्ञान शाखेच्या मुलामुलींसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या संस्था आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केलेली आहे. म्हणून त्या विद्येची गरज वाढणार, हे उघड आहे.

मात्र एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. नुसत्या गुन्हेशास्त्राच्या पदवीने न्यायालयात वकिली करता येत नाही; त्यासाठी विधी पदवी आणि वकील परिषदेची सनद लागते. शिवाय नव्या वकिलाची पहिली काही वर्षे ओढगस्तीची जातात. पालकांनी हे जाणूनच मुलांच्या पाठीशी उभे राहावे. मोठे शुल्क घेणाऱ्या संस्थेच्या जाहिरातीस भुलू नये. पदवीस मान्यता आहे काय, हे आधी तपासावे.

विद्यार्थी मित्रहो, आणखी एक गोष्ट, आणि ती कठीण आहे. ही विद्या केवळ आपल्यावर अन्याय करणाऱ्यास शिक्षा देववण्यासाठी नाही. आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, मग तो आपला वैरी का असेना. 2022 च्या शासकीय आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते; म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. तुरुंगात जातीनुसार कामे वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले, तेही 2024 च्या ऑक्टोबरात, सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर! झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा, हे स्वतंत्र भारताच्या तुरुंगात जात ठरवीत होती. सूड घेण्यास विद्या लागत नाही; न्याय करण्यास लागते.

पालकहो, प्रत्येक घरातून वकील निघणार नाही, हे मी जाणते. पण प्रत्येक घरात दोन गोष्टी माहीत असाव्यात. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. आणि ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारली, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस 1987 च्या विधी सेवा अधिनियमाखाली विनामूल्य वकील मिळतो; त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

माझ्या वडिलांच्या त्या कागदाची प्रत आमच्याजवळ नाही, कारण ती मागावयाची असते हेच आम्हांस ठाऊक नव्हते. आज माझ्याकडे कोणी रडत आले, तर मी प्रथम विचारते, “प्रत घेतलीत काय?” आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीने हा प्रश्न ठाण्याच्या दारातच, वेळेवर विचारावा, एवढ्यासाठी मी आज येथे आले. तिला शिकवा.

जय भीम.